खोक्याला भोक कशाला

गुरुजी,

माझ्यावर माझ्याच घरात अन्याय होतो आहे, आणि तो ऐकून घ्यायला हल्ली कुणी रिकामं नसतं म्हणून तुम्हाला लिहितो आहे. जव्हारच्या माझ्या घरात सिनेमा बघायचा असेल तर आधी स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची स्टीलची चोवीस ताटं एकेक करून खाली उतरवावी लागतात आणि सतरंजीवर निजवावी लागतात. हे काम माझं. सिनेमा संपला की तीच ताटं पुसून पुन्हा ओळीने चढवायची, तेही काम माझंच. न उतरवता बघितलं तर पडद्यावर ढग गडगडला की स्वयंपाकघरात चोवीस ताटं टाळ्या वाजवतात. मग बायको दारात येऊन उभी राहते. नुसती मांडणीकडे बघते. पंचवीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला एवढी नोटीस पुरते.

या सगळ्याला कारण म्हणजे मी बांधून घेतलेलं एक खोकं. त्याला सबवूफर म्हणतात. कमरेइतकं उंच, प्लायवूडचं, आत अठरा इंची स्पीकर. हा स्पीकर गाणं म्हणत नाही, बोलत नाही, फक्त खालचा आवाज काढतो. जो कानाला कमी आणि बरगड्यांना जास्त ऐकू येतो तो. कुरिअरवाल्याने तो खोडाळ्याच्या गिरणीचा सुटा भाग समजून दोन दिवस बाजूला ठेवला होता. खोक्याच्या पुढच्या बाजूला स्पीकरखाली एक मोठं भोक आहे आणि त्या भोकातून आत जाणारा जाड पाइप आहे. पाइप बोअरवेलच्या केसिंगचा. दुकानदाराने मला पाणी किती फुटांवर लागलं ते विचारलं, मी हॉलमध्येच लागलं म्हणून सांगितलं. तर हे भोक. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की बाटली घुमते ना, तसं खोक्यातली हवा या पाइपातून ये-जा करते आणि स्पीकरला एकट्याला झेपला नसता तो आवाज तोलून धरते. खोकं किती लिटरचं आणि पाइप किती लांब, या दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत, नाहीतर सगळं फुकट. पण हे मी तुम्हाला काय सांगतोय. तुम्हाला ते माहीत होतं. माहीत नव्हतं ते मला, आणि न विचारता मी त्यावर गावाला हसवून घेतलं. तुम्हाला जाऊन आता एकोणीस वर्षं झाली आणि ती गोष्ट अजून माझ्याकडे पडून आहे.

त्याआधी पायलीचा दिवस आठवतो. सातवीचा वर्ग, मोखाड्याकडची आपली डोंगरातली शाळा, पत्रे तापून टकटक वाजतायत. तुम्ही घाटावरून आलेले, आमची भाषा तुम्हाला आणि तुमची आम्हाला निम्मीच कळायची, म्हणून तुम्ही पुष्कळसं हाताने करून दाखवायचात. त्या दिवशी माझ्या घरून भात मोजायची पायली मागवली आहे. लिटरच्या मापाने तिच्यात पाणी ओतायचं आणि किती मावतं ते सांगायचं. मी ओततो. साडेतीन लिटरला पायली काठोकाठ भरते. मी ओततच राहतो. पाणी टेबलावरून हजेरीपटावर, हजेरीपटावरून तुमच्या धोतरावर. तुम्ही ओरडता, थांब की. मी म्हणतो, अजून शीग यायची आहे गुरुजी.

आमच्या घरी पायली काठापर्यंत भरली की संपत नसे. वर दाण्यांचा डोंगर उभा राहून कडेने दाणे ओघळू लागले की आई म्हणायची, हां, आता भरली. ती शीग. दारात आलेल्याला कापल्यासारखी सपाट पायली देणं म्हणजे ये पण बसू नको म्हणण्यासारखं. तुम्ही धोतर पिळत म्हणालात, "पाण्याला शीग येत नाही रे. शीग पायलीत नसते, तुझ्या आईच्या हातात असते." वर्ग हसला. मला तास संपेपर्यंत हजेरीपटाचं एकेक पान उन्हात धरून वाळवायला लावलंत. मला वाटतं, हसू कसं मिळवायचं याचा विचार मी त्याच उन्हात पहिल्यांदा केला.

मग दहावीचं वर्ष. शाळेच्या भोंग्याचा आवाज पत्र्यासारखा येतो म्हणून तुम्ही स्वतः एक खोकं बनवता आहात. चहाच्या पेट्यांच्या फळ्या, कुणाच्या तरी मोडक्या रेडिओतला स्पीकर, आणि खाली वाटीएवढं भोक, त्यातून आत गेलेलं जाड बांबूचं नळकांडं. तुम्ही ते नळकांडं बोटभर कापायचात, लावायचात, ऐकायचात, परत काढायचात. गावाला वाटलं, मास्तरचं माप चुकलं आणि आता ते झाकायला बांबू लावतोय. सव्वीस जानेवारीला त्यातून गाणी वाजली. आवाज चांगला होता की वाईट ते मला सांगता येणार नाही, कारण मी आवाज ऐकतच नव्हतो, भोकाकडे बघत होतो. पुढच्या महिन्यात स्नेहसंमेलन होतं आणि नाटुकलं लिहायचं काम माझ्याकडे होतं.

नाटुकल्यात एक उंदीर गुरुजींच्या खोक्याशी येतो आणि खोली भाड्याने मिळेल का विचारतो. गुरुजी म्हणतात, भाडं नको, फक्त पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला बाहेर झोपायचं. या ओळीला जो हशा झाला तसा पुढे माझ्या कुठल्याही लिखाणाला झाला नाही. साप्ताहिकात इतकी वर्षं सदर लिहितोय, लोक गालात हसतात. त्या दिवशी लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. तुम्हीही हसलात. कार्यक्रम संपल्यावर खिशातलं स्वतःचं पेन काढून मला बक्षीस दिलंत आणि एकच वाक्य बोललात: "छान लिहितोस. भोक कशाला ते एकदा विचारायचं होतंस, सांगितलं असतं." मी पेनाकडे बघत होतो. पुढच्या आठवड्यात खोक्याच्या भोकावर फळी ठोकलेली दिसली. चार खिळे. त्यानंतर त्या खोक्यातून गाणी तोंडात घास धरून म्हटल्यासारखी यायची. वाटलं, बघा, मुळातच बिघडलेलं होतं.

आता हे माझं खोकं ज्यांनी बनवलं ते मिस्त्री पोशेऱ्याचे. वयाने माझ्याएवढेच, कमी बोलणारे, कानामागे पेन्सिल. त्यांच्या आजाच्या वेळी घरात वितभर जमीन नव्हती. हातातल्या करवतीवर घर उभं केलेला माणूस. मला अडीचशे लिटरचं खोकं हवं होतं. बाहेरून टेप लावून हिशेब जमेना, कारण आत तिरके टेकू टाकलेले. मग मी ठरवलं, झाकण लावायच्या आधी खोकं आडवं ठेवून भाताने भरायचं आणि मोजायचं. साखरशेतला बायकोचं माहेर. मेहुण्याने चार पोती भात पाठवलं आणि सोबत निरोप, दाजींना म्हणावं शहरात लोक धान्य पोटात घालतात. घरची जुनी पायली काढली. लिटरच्या बाटलीने तिच्यात पाणी ओतून बघितलं, साडेतीन लिटर. एकाहत्तर-बाहत्तर पायल्या भात मावलं की खोकं बरोबर. मी एकेक पायली भरून ओततो आहे, बायको आकडा म्हणते आहे, आणि साठावर खोकं तुडुंब. म्हणजे चाळीस लिटर कमी. म्हणजे मिस्त्रींनी फळ्या आखूड कापल्या.

अशा वेळी शहाणा माणूस टेप आणून आतून मोजतो. मला टेप आणायच्या आधी विनोद सुचला, आणि विनोद सुचला की मला दुसरं काही सुचत नाही. आपल्या शाळेच्या जुन्या मुलांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, त्यावर मी रोज काहीतरी खरडत असतो. लिहिलं की आमच्या मिस्त्रींची टेप धुण्यात आटली आहे, ज्यांनी त्यांच्याकडून पलंग करून घेतले असतील त्यांनी पाय दुमडून झोपण्याची सवय करावी. शंभरेक लोक हसले. वासिंदपासून नाशिकपर्यंत जिथे जिथे आपली मुलं नोकरीला आहेत तिथून हसले.

चौथ्या दिवशी मिस्त्री आले. खुर्चीवर बसले नाहीत. ग्रुपमधल्या कुणाच्या तरी पोराने त्यांना ते वाचून दाखवलं होतं. त्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. पण खोडाळ्याला एक निवृत्त कारकून घर बांधतात, त्यांच्या पुढच्या दाराची सागवानी चौकट मिस्त्रींनी कापून तयार केली होती, आणि ते गृहस्थ ग्रुपवर होते. त्यांनी कळवलं, चौकट नको, नाशकाहून माणूस आणतो. शिवाय त्यांच्या मागे आणखी दोन घरं उभी राहत होती, तीही गेल्यात जमा. हे सगळं मिस्त्रींनी दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाले, पायली आणा.

मी पायली आणली, पोत्यातून भात भरून दाखवलं. कसं भरता, तसंच भरा, म्हणाले. मी भरलं, वर शीग आली, कडेने दाणे ओघळले. मिस्त्रींनी खिशातली लोखंडी पट्टी काढली आणि पायलीच्या काठावरून आडवी ओढली. डोंगर फरशीवर सांडला. चांगला ओंजळभर, ओंजळीपेक्षाही जास्त.

"हा कुठं धरला, भाऊ?"

पाण्याने मोजली तेव्हा पायली सपाट होती, भाताने मोजली तेव्हा साठच्या साठ वेळा माझ्या हाताने शीग लावली होती, आणि ती हिशेबात कुठेच नव्हती. अडीचशे लिटरचं खोकं अडीचशे लिटरचंच होतं. ते लहान समजून मी पाइप लांब ठेवणार होतो. तसा ठेवला असता तर तोही चुकला असता. आईच्या हाताने मी पन्नाशीत पुन्हा हजेरीपट भिजवला होता, फक्त आता वाळवायचं दुसऱ्याने. बायको मागे उभी होती. तिने खाली बसून दाणे गोळा केले आणि म्हणाली, मोजत मी होते, भरत कोण होतं ते सगळ्यांना सांगा. मिस्त्री म्हणाले, माझा माप चुकत नाय असा नाय. पण चुकला तर मी सांगतो.

दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. मी म्हटलं, राहू द्या आता. म्हणाले, काम अर्धं टाकत नाय. गोंद, स्क्रू, कडा घासणं, सगळं नेहमीसारखं. चहा घेतला नाही. ज्याची चौकट भिंतीला टेकून पडली आहे तो माणूस माझ्या चैनीच्या खोक्याच्या कडा हात फिरवून फिरवून तपासतो आहे, हे बघत बसण्यासारखी शिक्षा नाही.

बाजाराच्या दिवशी मी खोडाळ्याला गेलो. निवृत्त कारकुनांना गाठलं, बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. सरकारी माणूस, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि शेरा मारला, "हसवलंत सगळ्यांना. खरं मला एकट्याला कानात सांगताय." चूक मिस्त्रीची नाही हे त्यांना पटलं होतं. पण उद्या दार जरा घासलं तरी येणारा-जाणारा आटलेल्या टेपेची आठवण काढणार, त्याचं काय? त्यांचंही खोटं नव्हतं.

घरी येऊन ग्रुपवर लिहायला बसलो. पहिल्या खेपेला लिहिलं की अमुक ठिकाणी एका कारकुनाला शीग आल्याचं आढळून आलं आहे. दुसऱ्या खेपेला साठ पायल्यांची चौकशी समिती नेमली. तिसरी खेप सगळ्यात झकास होती. बायकोने तिन्ही वाचल्या. म्हणाली, अहो, यात परत तुम्हीच हसवताय. मिस्त्रीचं काय ते कुठाय यात? मी म्हटलं, माझी लिहिण्याची पद्धतच तशी आहे. ती म्हणाली, मग लिहू नका, सांगा. ते मला जमेना. चार दिवस गेले.

आणि मग तो रविवार. दुपारी जेवण झाल्यावर ताटं उतरवली आणि सिनेमा लावला, त्यात हत्तींचा कळप येतो. आदल्या दिवशी याच जागी जमीन हलली होती. आज हत्ती कापसाचे. आवाज होता, पण त्याला बूड नव्हतं. तारा बघितल्या, बटणं फिरवली, शेवटी गुडघ्यावर बसून खोक्याच्या भोकात हात घातला तर आत गोधडीचा जुना तुकडा गच्च कोंबलेला. बायकोला विचारलं. म्हणाली, उंदीर शिरेल की. एवढं दार उघडं ठेवल्यावर तो काय तुम्हाला विचारून येणार आहे?

गुरुजी, मी तो तुकडा उपसून काढला आणि तिथेच फरशीवर बसून राहिलो. भोक मोकळं झालं आणि हत्ती परत आले. पायाखालून, पाठीतून, खिडकीच्या गजांतून. मी पाइपासमोर तळहात धरला. वासरू हुंगतं तशी हवा हाताला लागत होती. आणि मला तुम्ही दिसलात, सव्वीस जानेवारीच्या सकाळी, ध्वज चढायच्या आधी, आपल्या खोक्यापुढे वाकून असाच हात धरलेले. तेव्हा आम्हाला वाटलं होतं, मास्तर उंदीर शोधतोय. नाटुकलं तिथूनच तर सुचलं. तुम्ही बांबू बोटबोट कापून जुळवला होतात. पुस्तक नाही, कुणी विचारायला नाही, या डोंगरात, चहाच्या पेट्यांत. ते जुळलं होतं. आणि लोक भोकाला हसतात म्हणून तुम्ही ते बंद केलंत, बरोबर असलेली गोष्ट स्वतःच्या हाताने बिघडवलीत, चार खिळे मारून. हशा असा कुठे कुठे जाऊन बसतो ते मला त्या गोधडीच्या तुकड्याने सांगितलं. बायको म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, आवाज बरोबर आला.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं. मिस्त्रींचं माप बरोबर होतं. भात मी शीग लावून मोजलं आणि शीग हिशेबात धरली नाही. चूक माझी. त्यामुळे त्यांचं खोडाळ्याचं काम गेलं, त्यालाही मीच जबाबदार. एवढंच. सगळ्यांना वाटलं, पुढे काहीतरी आहे. एकाने लिहिलं, विनोद समजला नाही, समजावून सांगा. मी उत्तर दिलं, विनोद नाही.

ते वाचून निवृत्त कारकुनांनी मिस्त्रींना परत बोलावलं, आणि परवा खोडाळ्याला चौकट बसली. मला बोलावणं होतं. मी मुद्दाम लवकर गेलो, टेम्पोतून चौकट उतरवताना एक टोक खांद्यावर घेतलं, आणि सागवान किती जड असतं ते कळलं. भिंतीत उभी केली तेव्हा दोन्ही बाजूंना करंगळीची जागा, सारखी. मिस्त्रींनी ओळंबा सोडला, बघितला, गुंडाळला. हळद-कुंकू झालं, आंब्याचा डहाळा बांधला. मान द्यायची वेळ आली तेव्हा घरधन्यांनी नारळ आणि टॉवेल लेखकसाहेब म्हणून माझ्यापुढे धरला. मी तो घेऊन मिस्त्रींच्या हातात दिला. मान मापाला असतो, म्हटलं, आणि माप यांचं. मिस्त्रींनी नारळ घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि तोंडावरची रेषही न हलवता विचारलं, "शीग धरून, का सपाट?" सगळे हसले, गवंडी तर पाटी खाली ठेवून हसला. मीही हसलो. पहिल्या रांगेत बसून हसणं कसं असतं ते समजलं. वाटतं तेवढं अवघड नाही, पण आपल्याला तिथे बसवणाऱ्याने आधी आपल्या हातात काही दिलेलं असलं पाहिजे. मिस्त्रींनी मला खोकं पुरं करून दिलं होतं, मी तुम्हाला काहीच दिलं नव्हतं. तुम्ही उलट केलंत. आधी हसलात आणि मग पेन दिलंत.

बाकी बरं चाललं आहे. मिस्त्रींना पुढची दोन घरं मिळाली. चहा घेतात आता. मेहुण्याचं भात परत पाठवलं. बायकोने हिंदी गाण्यांचा एक सिनेमा बघायला सुरुवात केली आहे आणि परवा मी घरात नसताना तिने ताटं स्वतः उतरवल्याचा मला संशय आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक कबुली देऊन ठेवतो. त्या उंदराच्या ओळीची मला लाज वाटायला हवी, आणि नाटुकल्याची वाटतेही. पण ती एक ओळ अजून मनात आली की मी हसतो. पंधरा ऑगस्टला बाहेर झोपायचं. चांगलीच आहे हो ती. तुम्ही त्या दिवशी खरंच हसला होतात की मुलाचं मन राखत होतात, तेवढं मला कधी कळलं नाही, आणि विचारायला मी नेहमीप्रमाणे उशीर केला.

आज सकाळी ग्रुपवर आणखी एक लिहिलं. आपल्या शाळेतल्या गुरुजींच्या खोक्याला भोक कशासाठी होतं. बांबू आत का होता, बोटबोट का कापत होते, हवा कशी ये-जा करते, आणि त्यावर फळी कुणामुळे बसली. पाच-सहा ओळी, शाळेत लिहायचो तशा, सरळ. पाठवताना तुमचं नाव वर घातलं, माझं खाली. आत्तापर्यंत अकरा जणांनी वाचलं आहे. कुणी हसलेलं नाही.